गावातलं बालपण चित्रात कसं आणावं: नकाशा, नजर, अंधार आणि माती

खेड्यात वाढलेल्या चित्रकाराला गावाचं चित्र काढायला सांगितलं, की बहुतेक वेळा कागदावर एक झोपडी येते, एक झाड, एक गाडीवाट आणि डोंगराआड जाणारा सूर्य. हे त्याने पाहिलेलं नसतं, त्याला दाखवलेलं असतं. कॅलेंडरने, पाठ्यपुस्तकाने, पडद्याने. त्याचं स्वतःचं गाव या चित्राखाली दबून पडलेलं असतं आणि ते वर काढायला मेहनत लागते. ती मेहनत कशी करायची, कोणत्या क्रमाने आणि कुठे फसते, ते पुढे दिलं आहे. चित्रकार, शिल्पकार आणि कलाशिक्षक या तिघांनाही हे वापरता येईल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. गाव चित्राच्या विषयात थोडं असतं आणि चित्रकाराच्या सवयींत फार असतं. नजर किती उंचीवरून बघते, हाताला कोणता खरखरीतपणा ओळखीचा वाटतो, अंधारात किती वेळ थांबता येतं, एकच काम शंभरदा करताना कंटाळा येतो की लय सापडते, या त्या सवयी. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात, भोवती जंगल. वर्गात लक्ष लागत नाही म्हणून प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले, तिथली गावं आणि निसर्ग वर्षानुवर्षं रंगवत राहिले. तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मधोमध येऊन बसला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. मधे चार दशकांहून जास्त काळ गेला. शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी १८७६ मध्ये रुमानियातल्या होबित्सा या खेड्यात जन्मला, लहानपणी गुरं-मेंढरं राखली, लाकूड कोरायला शिकला. तिर्गू जिऊ इथला त्याचा ‘अनंत स्तंभ’ १९३८ चा, २९ मीटरहून उंच. त्यात शेतकरी नाही, मेंढी नाही. एकच ओतीव लोखंडी घटक एकावर एक चढत जातो, आणि त्या भागातल्या घरांच्या पडवीचे लाकडी खांब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो लगेच ओळखू येतो.

म्हणून पुढच्या सगळ्या अभ्यासात ‘गावाचं चित्र’ काढायचं नाही. आधी आठवणींचा साठा करायचा.

नकाशा, आणि तोही तीनदा

कागद मोठा घ्या, ४२ × ५९ सेंटिमीटरचा. ४बी पेन्सिल किंवा कोळसा. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ ४५ मिनिटं. फोटो, मोबाइल, उपग्रहाचा नकाशा यांपैकी काहीही जवळ नको, आणि हे काम संपेपर्यंत ते बघूही नका. कारण साधं आहे: एकदा फोटो पाहिला की आठवण त्या फोटोच्या कोनात जाऊन बसते. मग तुम्ही स्वतःची आठवण काढत नाही, फोटोची काढता.

सुरुवात झोपायच्या जागेपासून करा. डोकं कुठल्या भिंतीकडे, दार कुठे, उंबऱ्याची उंची किती. मग दारातून बाहेर पडा आणि पेन्सिलीने चालत जा. वरून दिसणारा आराखडा चालेल, मधेच एखादी गोष्ट समोरून दिसली तर तशी काढा, दोन्हींची सरमिसळ झाली तरी बिघडत नाही. अंतरं चुकतील. चुकू द्या. पाच मिनिटांची वाट कागदभर पसरली आणि अर्ध्या तासाची दोन बोटांत आवरली, तर त्या दोन वाटांवर लहानपणी काय घडत होतं ते त्यातूनच कळतं.

वाटा झाल्या की चार खुणा करा: पाय कुठे भाजायचे, कुठे ओल असायची, कुठे जायची बंदी होती, कुठे लपता यायचं. या खुणा वस्तूंपेक्षा महत्त्वाच्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात कोऱ्या कागदावर रात्रीचा नकाशा काढा, म्हणजे अंधार पडल्यावर जिथवर जाता यायचं तेवढंच गाव. तो दिवसाच्या नकाशाच्या मानाने खूप लहान निघेल आणि त्यात आवाज जास्त असतील. तिसऱ्या आठवड्यात, पहिले दोन न बघता, पुन्हा दिवसाचा.

आता तिन्ही शेजारी लावा आणि निरुपयोगी तपशील शोधा. ज्याचा कशाला काही उपयोग नाही पण जो हटत नाही, असा. चित्रकार व्हॅन गॉगने १८८९ च्या जानेवारीत, फ्रान्समधल्या आर्ल इथल्या आजारपणातून उठल्यावर, भावाला लिहिलं होतं की आजारात त्याला त्याच्या जन्मगावच्या, झुंडर्टच्या घराची खोली न् खोली, बागेतली वाट न् वाट, झाडं, शेतं, शेजारी, सगळं पुन्हा दिसलं. अगदी दफनभूमीतल्या उंच झाडावरच्या पक्ष्याच्या घरट्यापर्यंत. ते घरटं म्हणजे असा तपशील. नकाशात तुमची अशी पाच-सहा घरटी सापडली, की त्यांना लाल पेन्सिलीने गोल करा. एकही सापडलं नाही तर समजा की तुम्ही अजून गावाची माहिती काढताय. अशा वेळी एकच खोली घ्या आणि तिचाच नकाशा मोठ्या कागदावर काढा.

नजर १०५ सेंटिमीटरवर आणा

गावाच्या चित्रांमधला सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा दोष उंचीचा असतो. आठवण सहा वर्षांच्या मुलाची आणि नजर चाळीस वर्षांच्या माणसाची. चित्र बघणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण कुणीतरी पाहुणा येऊन गाव बघून गेल्यासारखं वाटतं.

हिशेब असा आहे. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे त्याचे डोळे १०५ च्या आसपास. मोठ्या माणसाचे १५० ते १६० वर. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, आणि जवळची असो वा लांबची, त्याच जमिनीवर उभी असलेली प्रत्येक वस्तू त्या रेषेने त्याच उंचीवर कापली जाते. मधल्या चणीची गाय खांद्याशी १२० ते १३० सेंटिमीटर भरते. मोठ्या माणसाला तिची पाठ क्षितिजाच्या खाली दिसते, तो ती पाठ वरून बघतो. मुलाला तीच पाठ क्षितिजाच्या वर, आभाळावर ओढलेल्या रेषेसारखी दिसते, आणि क्षितिज तिच्या बरगड्यांमधून जातं. मूल उकिडवं बसलं की नजर पोटाच्या रेषेवर येते. मग गाय म्हणजे चार खांब आणि त्यांच्या मधून पलीकडे दिसणारा उजेडाचा पट्टा. गोठ्यातल्या गायीची ही आकृती काढून बघा. शिंगं, डोळे, घंटा काहीही न काढता ती गाय ओळखू येते आणि बघणारा आपोआप लहान होतो.

सराव करायला २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचं बुटकं स्टूल घ्या. त्यावर ताठ बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे साधारण १०५ सेंटिमीटरवर येतात. थेट जमिनीवर बसलात तर ७५-८० वर, म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या मुलाची नजर. टेपने एकदा मोजून खात्री करा आणि भिंतीवर त्या उंचीला चिकटपट्टी लावा. त्या जागेवरून रोज एक, असे दहा दिवस, २० मिनिटांचे अभ्यास करा: टेबल, दाराची कडी, बादली, उभा माणूस.

यात हमखास होणारी चूक म्हणजे क्षितिज खाली आणलं जातं, पण वस्तूंची तोंडं जुन्याच सवयीने वरून काढली जातात. बादली, रांजण, विहिरीचा कठडा यांचं गोल तोंड डोळ्यांच्या जितकं खाली, तितकं ते उघडं दिसतं. नजरेच्या उंचीला आलं की ती सरळ रेघ होते. त्याहून वर गेलं की आतलं काहीच दिसत नाही, फक्त बाहेरचा काठ दिसतो. मुलासाठी अर्धं घर या तिसऱ्या प्रकारात मोडतं. फळीवरच्या डब्यात काय आहे हे त्याला कधीच दिसत नाही. हे न दिसणं चित्रात आलं पाहिजे.

अवजार चालेल का, ही परीक्षा

चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १७७६ मध्ये इंग्लंडमधल्या सफोकमध्ये, ईस्ट बर्गहोल्ट या गावी जन्मला. वडील गिरणीमालक, आणि तरुणपणी त्याने स्वतः गिरणीचं काम केलेलं. त्याचा भाऊ म्हणायचा, की जॉनने रंगवलेली पवनचक्की बघितली की ती फिरेल हे दिसतं. इतर चित्रकारांच्या बाबतीत तसं नेहमी म्हणता येत नाही. कुठल्याही समीक्षकाच्या शब्दांपेक्षा ही परीक्षा आम्हाला मोलाची वाटते. कॉन्स्टेबलने स्वतः १८२१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब असल्या गोष्टींवर आपलं प्रेम असल्याचं सांगितलं आहे आणि स्टूर नदीकाठच्या त्याच दृश्यांनी आपल्याला चित्रकार केलं असंही म्हटलं आहे. ‘हे वेन’ हे त्याचं प्रसिद्ध चित्र त्याच वर्षीचं.

परीक्षा घ्यायची ती अशी. लहानपणी हाताळलेली दहा अवजारं आठवणीतून काढा. प्रत्येकाचं एक चित्र बाहेरून आणि एक मधून कापल्यासारखं. मग स्वतःला विचारा: पातं दांड्यात कशाने धरलंय? विहिरीवरच्या चाकाचा आस कशावर टेकलाय, दोर कुठल्या बाजूने खाली जातो, ओढणारा कुठे उभा राहतो? झिजलंय कुठे? दांड्याला जिथे हात बसतो तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळपट होतं, बाकीचं करडं आणि तंतू निघालेलं राहतं. उजव्या हाताने वापरलेलं पातं एका बाजूने जास्त झिजतं. दोराने चाकाला पडलेला चर मधोमध नसून ओढण्याच्या बाजूला सरकलेला असू शकतो. ही झीज आली की अवजाराला मालक मिळतो.

जिथे उत्तर येत नाही तिथे अंदाजाने भरू नका. कागदावर ती जागा कोरी ठेवा आणि बाजूला प्रश्नचिन्ह करा. या कोऱ्या जागा नंतर लागणार आहेत.

माणसांच्या हालचालींनाही हेच लागू आहे. ‘वेचणाऱ्या स्त्रिया’ हे फ्रेंच चित्रकार मिलेचं चित्र १८५७ चं. नॉर्मंडीतल्या ग्रुशी या वस्तीत तो वाढला आणि चित्रकला शिकायला जाण्याआधी त्याने वडिलांबरोबर शेतात काम केलं होतं. त्या चित्रातल्या वाकलेल्या बाईचा मोकळा हात पाठीवर का गेलाय, हे तासभर वाकून वेचलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुम्ही जे काम काढणार आहात ते आधी २० मिनिटं करा: वाका, उचला, डोक्यावर घ्या, ठेवा. मग लगेच ३० सेकंदांची एक अशी वीस रेखाटनं, आरशात न बघता. वजन कुठल्या टाचेवर आहे ती रेष पहिल्यांदा काढा, डोकं शेवटी. डोक्यापासून सुरुवात केली की आकृती उभी राहते, काम करत नाही.

आठवणीची ताकद वाढवायला पॅरिसमधले शिक्षक लकॉक द ब्वाबोद्रां यांची १९ व्या शतकातली पद्धत अजूनही उत्तम आहे. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फांतँ-लातूर हे त्यांचे विद्यार्थी. वस्तू बघायची, तिच्यापासून दूर जायचं, काढायचं, मग परत येऊन ताडून बघायचं. आजच्यासाठी वेळापत्रक असं ठेवा: पाच मिनिटं बघणं, पाठ फिरवून दहा मिनिटं काढणं, लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करणं. दोन आठवड्यांनी बघणं आणि काढणं यांत एक तास जाऊ द्या, महिन्याने एक रात्र. सुरुवात सोप्या आकारापासून, किल्ली किंवा मडक्याचा कान. थेट झाडाला हात घातला तर दोन दिवसांत वही बंद पडते.

अंधार

खेड्यात वाढलेल्या डोळ्यांना अंधाराच्या छटा माहीत असतात, आणि ही शिदोरी बहुतेक जण वापरतच नाहीत. दिव्याचं चित्र काढायला घेतलं की सगळ्या कागदावर पिवळा फिरतो. एका लहान ज्योतीचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौपटीने कमी होतो. अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जेवढा उजेड, त्याचा चौथा हिस्सा एक मीटरवर आणि सोळावा हिस्सा दोन मीटरवरच्या भिंतीवर. त्यामुळे चित्राचा तीन चतुर्थांश भाग गडदच राहायला हवा आणि पिवळा फक्त ज्योतीच्या लगत.

रंग चारच घ्या: पिवळी गेरूमाती म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन साधारण सारखे घेऊन जो काळा होतो तो नळीतल्या काळ्यापेक्षा जिवंत असतो; सिएना वाढवला तर घरातला अंधार, अल्ट्रामरीन वाढवला तर बाहेरचा. त्यातून पांढऱ्याने नऊ पायऱ्यांची पट्टी तयार करा आणि चित्रात सगळ्यात उजळ दोन पायऱ्या एका तळहाताएवढ्या जागेपुरत्याच वापरा. व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’ १८८५ मध्ये न्यूनेनला रंगवलं, तेव्हा आधी बऱ्यापैकी उजळ झालेले चेहरे त्याने पुन्हा रंगवले. त्याला हवा असलेला रंग कोणता? सालासकटच्या, धूळ लागलेल्या बटाट्याचा. रंगाला असं वस्तूचं नाव देता आलं की मिश्रण निम्मं सोपं होतं. तुमच्या साठ्यातले दहा रंग अशाच नावांनी लिहून काढा, ट्यूबवरची नावं न वापरता.

तिन्हीसांजेची गोष्ट वेगळी. उजेड कमी होत जातो तसे डोळ्यांना लाल रंग आधी काळवंडलेले दिसतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात. दिवसा भडक दिसणारं लाल फूल तेव्हा पानांपेक्षा गडद दिसतं. हे चित्रात पाळलं की सांज होते, आणि नुसता सगळा रंग काळ्याने खाली आणला की ढगाळ दुपार. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, म्हणून अभ्यासाला बसण्याआधी तेवढा वेळ मोबाइलचा पडदा बघू नका.

मातीचा रंग बनवणं

चित्रकार जामिनी रॉय १८८७ मध्ये बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावी जन्मले, कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत युरोपीय पद्धतीची तैलचित्रं शिकले, आणि पुढे तैलरंग सोडून माती-खनिजांचे रंग आणि चिंचोक्याच्या खळीकडे वळले. त्याच जिल्ह्यातल्या रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनला १९३८ मध्ये ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प उभं केलं ते सिमेंट आणि जांभ्या दगडाची खडी यांतून. दोघांनीही गाव दाखवलं, पण त्याआधी गावाचं साहित्य हातात घेतलं. मातीचा रंग स्वतः केला की हाताला काहीतरी आठवतं, जे डोक्याला आठवत नव्हतं. म्हणून हा भाग सावकाश करा.

जागामालकाला विचारून माती घ्या. वरचा थर खरवडून टाका आणि २० ते ३० सेंटिमीटर खालची घ्या. वर मुळं, कुजलेला पाला आणि खतं असतात. रस्ता, कारखाना, खाण आणि फवारणीच्या शेताजवळची नको. एक किलो पुरे. उन्हात पूर्ण वाळवा, कुटा, खडे काढा. कोरडी माती कुटताना मास्क हवाच, बारीक धूळ फुप्फुसांना वाईट.

एक भाग माती, पाच भाग पाणी असं बादलीत ढवळा. एक मिनिट थांबा. वाळू तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाची वाळू बाजूला काढा. गढूळ पाणी २४ तास न हलवता ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं, ते हळूच ओतून द्या. हे तीनदा करा. बोटांच्या चिमटीत गाळ चोळला आणि खर लागली नाही, तर झालं. खर लागली तर पुन्हा धुवा आणि या वेळी एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं थांबून ओता. गाळ ताटात पसरून वाळवा, खलात वाटा आणि १०० मेशच्या चाळणीतून किंवा दुहेरी मलमलीतून चाळा.

लाल मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, पिवळ्या मातीचा पाणी धरून ठेवणाऱ्या लोहखनिजाचा. पिवळी माती लोखंडी तव्यावर ३०० अंशांच्या आसपास तापवली की ते पाणी जातं आणि ती लाल होते. तापवताना दर दोन मिनिटांनी चिमूटभर काढून पांढऱ्या कागदावर ठेवत गेलात, तर एकाच मातीच्या पाच-सहा छटा मिळतात. हे रंग उन्हात विटत नाहीत. काळी माती मात्र फसवी. शेतात काळीभोर दिसते, धुऊन वाळवली की करडी-तपकिरी निघते, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळताना आक्रसते, त्यामुळे जाड थराला भेगा पडतात. ती पातळच वापरा. खरा काळा हवा असेल तर दिव्याची काजळी घ्या. काजळी पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. आधी स्पिरिटचे चार-पाच थेंब घालून तिचा लगदा करा, मग बांधणी, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारं डिंकाचं पाणी, घाला.

बांधणीसाठी एक भाग गम अरेबिक या डिंकाची पूड, दोन भाग गरम (उकळतं नव्हे) पाणी, रात्रभर भिजवून गाळून घ्या. १०० मिलिलिटरला दोन चमचे मध आणि लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब. मधाने रंग ठिसूळ होत नाही, तेलाने बुरशी धरत नाही. जाड काचेवर मातीची पूड आणि ही बांधणी सारख्या मापाने घेऊन काचेच्या बत्त्याने किंवा सपाट बुडाच्या बाटलीने दहा-पंधरा मिनिटं गोल गोल घोटा. आवाज बदलतो: सुरुवातीला करकर, मग नुसती सरसर. तो बदल आल्याशिवाय थांबू नका.

३०० ग्रॅमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर पट्टा ओढा, वाळू द्या, बोटाने घासा. बोटाला पूड आली तर बांधणी कमी पडली. पट्टा चमकतो आणि तडकतो तर जास्त झाली. पट्ट्याच्या कडेला वाळूची रेघ दिसली तर धुणं अपुरं आहे. तो रंग पातळ वॉशला, म्हणजे पाणचट हाताला, न वापरता जाड हाताला ठेवा. जाड पोत हवा असेल तर माती आणि बारीक वाळू सारखी घेऊन, निम्मं पाणी घातलेल्या पीव्हीए गोंदात कालवा आणि दोन-तीन मिलिमीटरचे थर एकावर एक द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. हे लाकडी फळीवर करा. कॅनव्हास हलतो, आणि हललेल्या कॅनव्हासवरची माती आज ना उद्या गळते.

प्रत्येक बाटलीवर जागा, खोली, तारीख आणि धुण्याच्या फेऱ्या लिहा. आता हे करणार नाही, नंतर करू, असं म्हणाल तर चौथ्या बाटलीला गोंधळ होतो.

साठ्यातून चित्राकडे

आता लाल गोल केलेल्या तपशिलांपैकी एकच घ्या आणि त्यावर बारा कामं करा, ३० × ३० सेंटिमीटरची, सगळी त्याच मातीच्या रंगांत. पहिल्या तीन-चारांत वस्तू ओळखू येईल. पाचव्यापासून तिची नावं गळू द्या: फक्त अंतर, फक्त वजन, फक्त दोन कडांमधला उजेड. शेतात आणि गोठ्यात वाढलेल्या हाताला पुनरावृत्तीची भीती नसते. ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी तेराव्या वर्षापासून शेतांवर काम करत होता आणि आपलं बरंचसं शिल्पकाम बटाटे वेचण्यासारखं आहे, लय सापडावी लागते, असं त्याने सांगितलं आहे. सातव्या-आठव्या कामाला कंटाळा येईल. तिथे तपशील बदलू नका; कागदाचा आकार बदला, तपशील तोच ठेवा.

सगळंच सुंदर नव्हतं, हेही चित्रात यायला हवं. उपास, मारहाण, कर्ज, ज्या वाटेवर काहींनाच चालायची मुभा होती ती वाट. नकाशातली ‘बंदी’ची खूण इथे उघडा. ती गाळून काढलेली मालिका गोड होते आणि दुसऱ्या प्रदर्शनापर्यंत टिकत नाही. मात्र जिवंत माणसाचं दुःख ओळखू येईल असं काढणार असाल, तर आधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर त्याची जागा, त्याचं अवजार, त्याची वाट काढा.

कामांसोबत टिपण द्यायचं झालं तर १५० शब्दांत आटपा. ‘मातीशी नाळ’, ‘निरागस बालपण’, ‘हरवलेलं गाव’ हे शब्द खोडा. त्याऐवजी माती कुठली, किती खोलीवरची, नजर किती उंचीवर ठेवली, कोणतं काम वीस मिनिटं करून मग रेखाटलं, हे लिहा. बघणारा त्या आकड्यांच्या बोटाला धरून चित्रात शिरतो.

शेवटी, आणि शेवटीच, गावाला जा

किमान तीस रेखाटनं आणि बारा कामं झाल्यावरच प्रत्यक्ष जागेवर जा. सोबत पाच मीटरची टेप, ६०-७० ग्रॅमचा पातळ कागद, ग्रॅफाइटची कांडी आणि प्रश्नचिन्हं केलेली ती अवजारांची रेखाटनं. कॅमेरा पिशवीत राहू द्या, निघायच्या दिवशी काढा. दारांच्या लाकडाचे, दगडांचे ठसे घ्या: कागद ताणून धरा, कांडी आडवी, दाब हलका, एकाच दिशेने. ओल्या लाकडावर कागद फाटतो, दुपारी घ्या.

टेपने उंच्या मोजा आणि आकडा तुमच्या जुन्या रेखाटनाच्या मागे लिहा. रेखाटन दुरुस्त करू नका. प्रश्नचिन्हांच्या कोऱ्या जागा तेवढ्या भरा, त्याही वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने, म्हणजे आठवणीतलं कुठे संपतं आणि पाहिलेलं कुठे सुरू होतं ते कायम दिसत राहील. बहुतेक गोष्टी लहान भरतील आणि सगळं चुकीचं काढलं असं वाटेल. तेव्हा हिशेब उलटा करून बघा. विहिरीचा कठडा रेखाटनात छातीपर्यंत आलाय आणि टेप ७० सेंटिमीटर दाखवते. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०० सेंटिमीटर, आणि छाती सत्तरच्या आसपास. म्हणजे तुम्ही तो कठडा चौथ्या वर्षी पाहिलेला आहे. रेखाटनाच्या मागे ७० लिहा, त्यापुढे ‘वय ४’ लिहा, आणि चित्रात कठडा छातीपर्यंतच ठेवा.